गळाला सुकट

जुन्नरच्या माणसाला समुद्राचं कौतुक सांगू नये. नाणेघाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की खालचं कोकण अंगणासारखं दिसतं. समुद्र तेवढा दिसत नाही. सातवाहनांच्या काळी सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला यायचा आणि वाटेत जकात भरायचा. आता माळशेजने टेम्पो चढतो आणि आठवडे बाजारात बोंबील, सुकट, बांगडा उतरवतो. आमचा समुद्राशी संबंध हा असा, वाळवलेला. जकात मात्र हल्ली गिऱ्हाईकच भरतं. सुकटीचा भाव ऐकलाय का अलीकडे?

तर अशा घरातली मुलगी सुट्टीत मुरूडला मावशीकडे राहून आली. "पप्पा, आपण कोळंबी पकडायला कधी जायचं? काका दादाला नेतात." बाप एरवी काहीही टाळू शकतो, पण साडूचं नाव निघालं की इलाज नसतो. मुरूड लांब, रजा नाही. मी तिला डिंभ्याला नेलं.

घोड नदीवरच्या या धरणाच्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. तिने लगेच बोट बुडवून चाटलं. "सागर आहे, मग खारट का नाही?" मी घाईने विषय इतिहासाकडे वळवला. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे उभे ठाकले आणि त्याखाली गेले. ती गप्प झाली. मग भूगोल सांगितला: तालुका आंबेगाव, कचेरी घोडेगावात, आणि मूळ आंबेगाव या पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात.

"शाळा पण बुडाली?"

"बुडालीच असणार."

"मग सुट्टी दिली का?"

इथले महादेव कोळी मुळात डोंगरउतारावर भात लावणारे. खाचरं धरणात गेली, तेव्हा त्याच पाण्यात जाळी लावायला शिकले, सहकारी संस्था काढली. त्यामुळे गळ टाकायचा तर आधी विचारणं आलं. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून एक मामा नुकतेच काठाला लागले होते. त्यांनी माझा ऑनलाइन मागवलेला, चकचकीत रिळाचा गळ निरखून पाहिला. "टाका की," ते म्हणाले, "ह्याच्यानं मासं थोडंच कमी व्हत्यात?"

गळाला गांडूळ लावायला मुलीने साफ मनाई केली. गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, असं चौथीच्या पुस्तकात आहे म्हणे. मग डब्यातली सुकट निघाली. ती बायकोला न सांगता आणलेली होती, हा तपशील त्या वेळी महत्त्वाचा वाटला नाही. एवढीशी वाळकी कोळंबी ओली करून आकड्यात ओवताना तिचे तुकडे होतात. जो तुकडा टिकतो तो चिलापी अलगद काढून नेते. बूच थरथरतं, तंगूस ताणला जातो, ओढावं तर आकडा लख्ख धुतलेला. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली. ती आंबेगावच्या धरणात बसून अरबी समुद्राची सुकट फुकट खात होती, आणि माल घाटावर पोचवण्याची हमाली माझी. सातवाहन असते तर त्यांनी निदान तिच्याकडून काही वसूल केलं असतं.

तोवर मुलगी मामींबरोबर पाणवनस्पतींच्या कडेला गेली होती. मामींनी जुनी ओढणी काढली. दोघींनी दोन-दोन टोकं धरली, ती गवताखालून सरकवली आणि एकदम वर घेतली. पाणी गळून गेलं तसे तळाला झिंगे उड्या मारू लागले. काचेसारखं आरपार अंग, त्यात काळा दोरा ओढावा तशी आतडी, डोळे मोहरीएवढे. धरायला जावं तर शेपूट आपटून मागच्या मागे उडतात. एकाने तर मुलीच्या कोपरावर बैठक मारली, आणि ती ओरडली ते आनंदाने की भीतीने, हे मामींनाही कळलं नाही.

"पप्पा, ही कोळंबीच आहे ना?"

"तिची घाटावरची चुलत बहीण," मी म्हणालो. साडूला कळवायला एवढं पुरेसं होतं.

मुलीने झिंगे डब्यात भरले. बाजारभावाने पाहिलं तर जेवढ्याची सुकट गेली तेवढ्याचे झिंगे आले नव्हते. पण हा हिशेब घरी कुणी तरी करणारच होतं, मी कशाला करू?

उन्हं कलली तसे मामा उठले. "आता निघा. ह्या येळेला बिबट्या पाण्यावर येतो."

मुलगी माझ्या शर्टाला धरून उभी राहिली. "तो मासे खातो?"

मामांनी एकदा माझ्या गळाकडे पाहिलं, एकदा रिकाम्या होत आलेल्या पुडीकडे. "कोण जाणं, पोरी. पर त्याला सुकट दावू नगा. घरापोतूर मागं यील."