माल तपासल्याविना

भिवंडीत यंत्रमागावरून उतरलेला ताका तपासूनच पुढे जातो. दोष निघाला की पैसे कापले जातात ते कारागिराचे. याच तालुक्यातल्या गणेशपुरीहून मात्र मोक्ष थेट अमेरिकेला गेला. तो तपासायला कोणी बसलं नाही.

गणेशपुरीचे भगवान नित्यानंद १९६१ साली समाधिस्थ झाले. लंगोटीवरच्या त्या अवधूताला खुलासे करायची वेळ आली नाही. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद सिद्धयोग घेऊन जगभर फिरले आणि १९८२ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी एका अमेरिकी त्रैमासिकात माजी अनुयायांचे आरोप छापून आले: ब्रह्मचर्य शिकवणाऱ्या गुरूंनी तरुण शिष्यांचं लैंगिक शोषण केलं. १९९४ मध्ये ‘न्यूयॉर्कर’नेही त्यावर लांबलचक लिहिलं. तोवर गादीचाही निकाल लागला होता. मुक्तानंदांनी ती आपल्या शिष्यांपैकी बहीण-भाऊ दोघांना दिली होती. १९८५ मध्ये भाऊ पायउतार झाले, आणि ते स्वखुशीने की बळजबरीने, यावर दोन्हीकडच्या हकिकती जुळत नाहीत. ब्रह्म एकच असलं म्हणून काय झालं!

अशा वेळी भक्तांचं एक ठरलेलं उत्तर असतं. गुरूंची लीला आपल्या बुद्धीला कळत नाही. गुरूंची थोरवी मात्र त्याच बुद्धीला पहिल्या दर्शनातच कळलेली असते.

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. बुवाविरुद्ध पोलिसांत जाता येतं. अडचण एवढीच, की खरा शिष्य त्यासाठीही आधी गुरूंची आज्ञा मागतो.