वाळूशेठ, नदी तुमची नाही

वाळूशेठ,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची रीत आहे, ती मोडतो. तुमच्याविषयी मनात प्रेम नाही, आणि नमस्कार घालायला तुमच्या दारात रांग आहेच. नावही लिहीत नाही. गोदावरी, गिरणा, भीमा, सीना, कुठल्याही काठावर हे पत्र वाचलं तरी लोक बरोबर तुमच्याच बंगल्याकडे बघतील.

तुमच्या यंत्रणेला दाद द्यावी लागेल. तहसीलदारांची गाडी कचेरीच्या फाटकातून बाहेर पडते न पडते, तोच टपरीवर बसवलेलं तुमचं पोरगं फोन लावतं. पात्रातले सक्शन पंप बंद होतात, पोकलेन बाभळीत शिरतं, हायवा दिवे मालवून आडरस्त्याला लागतात. नंबरप्लेटला ग्रीस फासलेलं. आणि तुमच्यासमोर उभा कोण? एकटा तलाठी, त्याची मोटारसायकल आणि हातातला पंचनाम्याचा कागद.

पहाटे डांबरी रस्त्यावर पाण्याचा ओघळ दिसतो. तुमच्या गाडीतल्या ओल्या वाळूतून टिपकत गेलेलं ते पाणी आमच्या विहिरीचं असतं. धार आटली तरी वाळू पाणी धरून ठेवते. म्हणून तर उन्हाळ्यात बायका पात्रात झिरा खोदून घागर भरायच्या आणि काठच्या विहिरी तग धरायच्या. तुम्ही खडक लागेपर्यंत उपसलंत. मागे सोडलेल्या खड्ड्यांत पाणी साचतं, वरून सपाट दिसतं, आणि पोहायला उतरलेलं पोर वर येत नाही. त्या घरी सांत्वनाला जाऊन तुम्ही पाकीट ठेवता, तेव्हा त्या आईच्या तोंडाकडे एकदा बघत चला.

लोकांना घरं बांधायला वाळू लागतेच, असं तुम्ही म्हणता. लागतेच. घरकुलवाल्याला 5 ब्रासपर्यंत वाळू मोफत द्यायचं सरकारने 2025 च्या धोरणात म्हटलंय. तो कागद घेऊन घरकुलवाला तहसीलला हेलपाटे घालतो, आणि तुमचा डंपर त्याच्या अर्धवट भिंतीपुढून बिल्डरच्या साइटवर जातो.

हाव आपणहून थांबत नाही, म्हणून तुमच्याकडे विनवणी करत नाही. तिला आवर घालायलाच सरकार असतं. कायद्याचीही वानवा नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम 48 प्रमाणे वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, गाडी जप्त होते. एमपीडीए कायद्यात हातभट्टीवाल्यांच्या जोडीला ‘वाळू तस्कर’ही घातलेत, म्हणजे तुम्हाला स्थानबद्ध करता येतं. नद्यांसारख्या संपत्तीचं सरकार हे जनतेच्या वतीने विश्वस्त आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच कमलनाथ खटल्यात बजावलंय.

पण विश्वस्तच दुकान मांडून बसलाय. 2023 साली सरकारी डेपो काढून 600 रुपये ब्रासने वाळू द्यायचं ठरलं. दोन वर्षांत ते गुंडाळून पुन्हा लिलाव आला. लिलावातून महसूल हवा, त्यामुळे नदीत वाळू शिल्लक राहिली याचा आनंद कुठल्याच कचेरीत होत नाही. हे तुम्ही केव्हाच ओळखलंत. दंड तुमच्या लेखी डिझेलसारखा रोजचा खर्च आहे. चुकून भरावा लागलाच, तर तोही तुम्ही वाळूच्या भावात चढवता आणि घर बांधणाऱ्याकडून वसूल करता.

म्हणून यापुढचं जिल्हाधिकाऱ्यांना उद्देशून लिहितोय, तुम्ही ऐकत राहा. साहेब, तलाठ्याला रात्री एकट्याला पात्रात पाठवू नका, बंदूकधारी पोलीस सोबत द्या. वाहतूक पास नसलेली वाळू ज्याच्या साइटवर सापडेल, त्या बिल्डरवरही गुन्हा नोंदवा. आणि पुढच्या वेळी शेठची हायवा पकडली की ती सोडवायला कुणाचा फोन आला, किती वाजता आला, ते पंचनाम्यात लिहून घ्या आणि तो पंचनामा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

– काठावरचा एक शेतकरी