जामठागमनशास्त्र: सूत्रे आणि भाष्य (नंदनवनी पाठ)

क्रिकेटमध्ये अभ्यासाला काही तोटा नाही. खेळपट्टीचा अभ्यास होतो, दवाचा होतो, फिरकी गोलंदाजाच्या मनगटाचा तर फारच होतो. नागपूरच्या वर्धा रोडवरच्या जामठा मैदानात ज्या ४५,००० खुर्च्या आहेत, त्यांवर जाऊन बसणाऱ्या माणसाच्या पूर्वतयारीचा अभ्यास मात्र पानठेल्यापलीकडे गेला नाही. ती उणीव त्याच शहरातल्या नंदनवन वस्तीतून भरून निघावी, एवढाच प्रस्तुत ग्रंथाचा हेतू.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे. विषय: तयारी. प्रयोजन: खुर्ची. संबंध: तयारी केल्याने खुर्ची नीट मिळते असा लोकांचा समज आहे, त्याचे खंडन पुढे येईल. अधिकारी: ज्याच्या घरी मोठा टीव्ही आहे तो. ज्याच्याकडे टीव्ही नाही त्याला सामना पाहण्याची गरज असते, आणि गरजवंताला या शास्त्रात प्रवेश नाही.

शास्त्राचा जन्मकाळ वादातीत आहे. सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर सामने होत तोवर नंदनवनचा माणूस जेवून, हात धुवून, सायकल काढून निघाला तरी वेळेत पोचे. नोव्हेंबर २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी जामठ्याला झाली. सौरव गांगुलीची ती शेवटची कसोटी, लक्ष्मणची शंभरावी, आणि जेसन क्रेझाने पदार्पणातच १२ बळी घेतले. इतिहासकार एवढेच नोंदवतात. मैदान शहराबाहेर गेले आणि त्या दिवसापासून ‘तयारी’ नावाची वस्तू अस्तित्वात आली, हे नोंदवायचे राहून गेले.

सूत्र १. तिकीट दोनदा मिळवावे.

भाष्य: पहिल्यांदा मोबाइलवर. त्यासाठी घरातले सगळे मोबाइल एका पलंगावर मांडावे, प्रत्येकापुढे एक माणूस बसवावा, आणि रांगेतला आपला नंबर लाखाच्या घरात दिसला तरी ‘होईल ना बाप्पा’ असे म्हणत राहावे. दुसऱ्यांदा प्रत्यक्ष. अलीकडच्या सामन्यांना मोबाइलवरची पावती दाखवून कागदी तिकीट घेण्यासाठी सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर रांग लावावी लागली. टीकाकार याला गैरसोय म्हणतात. आमच्या मते ही तीर्थयात्रेतली पहिली पायरी होय. याच मैदानावर ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकात चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली आणि सुनील गावस्करने एकदिवसीय सामन्यांतले आपले एकुलते एक शतक ठोकले. रांगेत हे सांगणारे एक काकाजी हमखास असतात. ते त्या दिवशी मैदानात होते की नव्हते, हे विचारू नये. नागपुरातल्या ठराविक वयाच्या प्रत्येक पुरुषाने ती हॅटट्रिक साइटस्क्रीनच्या बाजूने पाहिलेली आहे.

सूत्र २. मार्ग अनेक, जाम एक.

भाष्य: नंदनवन ते जामठा या विसेक किलोमीटरांबाबत तीन संप्रदाय आहेत. मेडिकल संप्रदाय जगनाडे चौकातून मेडिकल चौक, अजनी करीत वर्धा रोडला लागतो. रिंगरोड संप्रदाय दिघोरी, म्हाळगीनगर, मानेवाडा असा वळसा घालून छत्रपती चौकात उगवतो आणि पहिल्या संप्रदायाच्या बरोबर मागे उभा राहतो. मेट्रो संप्रदाय सर्वांत अर्वाचीन. त्याचे लोक पूर्वेकडून बसतात, सीताबर्डीला गाडी बदलतात आणि गार हवेत खापरीपर्यंत जाऊन इतरांची कीव करतात. मात्र मेट्रो खापरीला संपते आणि जामठा तिच्या पुढे आहे. कीव करण्याचा अधिकारही तिथेच संपतो. गाडीवाल्यांनी हुरळून जाऊ नये. पार्किंग जिथे मिळते तिथून मैदान दिसते खरे, पण चंद्रही दिसतोच.

सूत्र ३. पाठीवर ज्याचा नंबर, त्याचाच गुडघा दुखतो.

भाष्य: ६ फेब्रुवारी २०२५ रोजी इंग्लंडविरुद्ध एकदिवसीय सामना होता. निळ्या जर्सीच्या पाठीवर १८ आकडा मिरवणाऱ्यांनी वर्धा रोड भरला होता. त्या आकड्याचा धनी विराट कोहली गुडघ्याच्या दुखण्यामुळे खेळला नाही. त्याच्यामुळे ज्याला जागा मिळाली त्या श्रेयस अय्यरने ३६ चेंडूंत ५९ धावा केल्या आणि भारत जिंकला. यावरून सिद्ध होते की जर्सी कोऱ्या पाठीची घ्यावी. गालावर तिरंगा रंगवून घेणाऱ्यांसाठी उपसूत्र असे: रंगवणारा पोरगा फाटकापाशी भेटतो, घाम मात्र चिंचभवनपासूनच सुटलेला असतो.

सूत्र ४. डबा घरी भरावा, फाटकाबाहेर संपवावा.

भाष्य: येथे गृहस्थाश्रमाशी संघर्ष येतो. सकाळी तर्री-पोहे झालेले असतात, तरी घरातून प्रश्न येतोच.

“पाण्याची बॉटल ठेवू का?”

“आत नेऊ देत नाहीत.”

“मंग थोडा चिवडा तरी?”

“तोही नाही.”

“मंग तिथं जाऊन करता काय तुम्ही दिवसभर?”

या शेवटच्या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही. म्हणून डबा मुकाट्याने घ्यावा, पार्किंगमध्ये गाडीच्या सीटवर उघडावा आणि पोळीभाजी उभ्याने संपवावी. संत्राबर्फी शेवटी खावी. तिचा डबा रिकामा झाला तरी फेकवत नाही, असा अनेक संशोधकांचा अनुभव आहे.

सूत्र ५. झडती हाच मुख्य विधी.

भाष्य: फाटकावर पाण्याची बाटली जाते, बॅग जाते, माचिस जाते. पॉवरबँक जाते, सुटे पैसेही जातात. झेंडा आत जातो, काठी बाहेर राहते. विदर्भापुरता या यादीत एक स्थानिक पदार्थ जोडावा लागतो, तो म्हणजे सुपारी-तंबाखूचा खर्रा. पन्नीत मनापासून घोटून घेतलेला खर्रा पोलिसाच्या हाती पडताना माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, ते भारताचा शेवटचा गडी बाद झाल्यावरही उमटत नाहीत. “साहेब, आत्ताच घेतला होता ना!” हे वाक्य फाटकावरच्या ढिगाऱ्याने कितीदा तरी ऐकले आहे. ढिगाऱ्यावर त्याचा परिणाम होत नाही.

सूत्र ६. आत गेल्यावरही वजाबाकी थांबत नाही.

भाष्य: पुरावे भरपूर आहेत. १२ मार्च २०११, विश्वचषक, दक्षिण आफ्रिका. सचिनने आपले ९९वे आंतरराष्ट्रीय शतक केले, भारत १ बाद २६७. पुढचे ९ गडी २९ धावांत गेले आणि २ चेंडू राखून आफ्रिका जिंकली. १५ मार्च २०१६, टी-ट्वेंटी विश्वचषक, न्यूझीलंडच्या १२६ धावांना उत्तर देताना भारत सर्वबाद ७९. २३ सप्टेंबर २०२२, ऑस्ट्रेलिया: मैदान ओले, खेळ उशिरा सुरू झाला आणि २० षटकांतून १२ वजा होऊन प्रत्येकी ८ उरली. त्या आठांत रोहितने २० चेंडूंत नाबाद ४६ केल्या, आणि शेवटच्या षटकात दिनेश कार्तिकने पहिल्या दोन चेंडूंवर षटकार, चौकार मारून सामना संपवला. तिकीट वीस षटकांचे होते, याची आठवण तेव्हा स्टँडमध्ये कोणालाच झाली नाही.

पूर्वपक्ष: विदर्भाने २०२५ मध्ये याच मैदानावर केरळविरुद्ध रणजीचा अंतिम सामना खेळला. दानिश मालेवारने १५३ धावा केल्या, करुण नायरने ८६ आणि १३५. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक उचलला. तिथे ना मोबाइल मांडावे लागले, ना जाम लागला. मग आमच्या गल्लीतून कोणी का गेले नाही?

उत्तरपक्ष: शंका बाळबोध आहे. जिथे कोणी काही हिसकावून घेत नाही तिथे तयारीला वाव नाही. तिथे गेल्यास नुसते क्रिकेटच बघावे लागते.

सिद्धांत: आजवरच्या सर्व आचार्यांनी तयारी म्हणजे जमवाजमव असे मानले, ही मूळ चूक. नंदनवनातून निघालेल्या माणसाची गाडी पार्किंगमध्ये जाते, खर्रा फाटकावर जातो, आवडता खेळाडू नाणेफेकीला जातो, उरलेली आशा मधल्या फळीबरोबर जाते. जे दुसरा काढून घेणार ते आपणच आधी घरी ठेवणे, हीच खरी तयारी. तिकीट, चष्मा आणि घसा एवढ्यावर जो निघतो तो या शास्त्रातला सिद्धपुरुष. असा पुरुष अद्याप आढळलेला नाही, कारण प्रत्येकाच्या घरी कोणीतरी चिवडा बांधून देणारे असते.

फलश्रुती: जो या सूत्रांचे नित्य पठण करील त्याला कॅमेरा एकदा तरी दाखवील, आणि शेजारच्या वहिनी ते पाहतील. परतताना तो खापरीच्या अलीकडे पाऊण तासापेक्षा जास्त अडकणार नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याचा बसलेला घसा प्रमाणपत्र म्हणून मान्य होईल.

हे शास्त्र अनधिकाऱ्याला चुकूनही सांगू नये. सांगितल्यास पाप लागत नाही, पण तोही निघतो, आणि छत्रपती चौकात बरोबर आपल्यापुढे उभा असतो.