सावधपंतांचा बंदोबस्त

ग्वाल्हेरच्या फूलबागेत पहाटे फिरावयास येणाऱ्या निवृत्त मंडळींत सावधपंतांना हुडकून काढणे फार सोपे आहे. कारण माधवराव महाराज शिंद्यांनी एकाच आवारात मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज यांना जागा देऊन जी उदारता दाखविली, आणि 1922 साली इंग्लंडच्या युवराजांकरवी जिचे उद्घाटन करविले, तिचा पुरेपूर व्यावहारिक उपयोग करून घेणारा दुसरा गृहस्थ आमच्या लष्कर भागात नाही. गोपाळमंदिरापुढे ते हात जोडतात, मोती मशिदीसमोर मस्तक लववितात, गुरुद्वाऱ्यापाशी पादत्राणे काढतात, आणि लॉजवरून जाताना, तेथे नेमके वंदन कोणास करावयाचे हे ठाऊक नसल्यामुळे, नुसती टोपी नीट करतात. "चहूकडून बंदोबस्त असलेला बरा," हे त्यावरचे त्यांचे भाष्य.

सावधपंत हे नाव अर्थातच आम्ही ठेवलेले. ही जात गल्लीगणिक एक आढळते. आमच्या वाट्यास आलेला नमुना महालेखापालांच्या कचेरीत दुसऱ्यांच्या हिशेबांवर हरकती काढण्यात हयात घालवून आता संसारावर त्या काढीत असतो, इतकेच. गेल्या दिवाळीत चिरंजिवांनी बंगळूरहून पंचावन्न इंची टीव्ही धाडला, तेव्हा वहिनींना आनंद झाला आणि पंतांवर जबाबदारी पडली. टीव्ही महिनाभर खोक्यातच राहिला. त्याच्या संरक्षणाचा तपशील ठरल्यावाचून त्यास भिंतीवर चढविणे बेजबाबदारपणाचे होते.

पंतांबरोबर महाराज बाड्यावर स्पाइक गार्ड घ्यावयास जाण्याचा योग मला आला. "यात व्हेरिस्टर आहे काय, आणि असल्यास किती जूलचा?" या प्रश्नावर दुकानदाराने बोर्ड लावून दाखविला. "बाबूजी, बत्ती जल रही है ना? बस!" पंतांनी खिशातून पेचकस काढला. वैद्य ज्याला यशदभस्म म्हणतात त्याच जातीच्या पदार्थाची, बटणाएवढी चकती आत असावयास हवी. 230 व्होल्टपर्यंत ती निमूट बसून राहते, पण दाब मर्यादेपलीकडे चढला की क्षणार्धात वाट मोकळी करून जादा विजेला बाजूच्या तारेत वळविते, आणि अशा प्रत्येक चकमकीत स्वतः थोडी थोडी झिजते. हे सारे हिंदीत समजावीत त्यांनी चार स्क्रू काढले. आत पितळेच्या तीन पट्ट्या होत्या आणि एक तांबडा दिवा. चकती नव्हती. येथे पंतांचे खरे निघाले हे मी प्रांजळपणे नमूद करतो; दुकानदाराचा चेहरा, हरकतीचे उत्तर न सुचलेल्या कारकुनासारखा, बराच वेळ तसाच राहिला.

अखेर चकतीचा बोर्ड मिळाला, पण तेवढ्याने पंतांचे समाधान व्हावे कसे? न्यूट्रल तुटल्यास घरात चारशेच्या आसपास व्होल्ट शिरू शकतात, आणि तो मार मिनिटभर जरी राहिला तरी बिचारी चकती जळून जाते. "चंबळचा डाकू क्षणात लुटून जातो, सावकार मात्र ओसरीवर ठाण मांडून बसतो, दोघांना एकच हवालदार कसा पुरेल?" असे म्हणून त्यांनी दाब वाढताच पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझरही तैनात केला. मग जुन्या वाड्यात तिसऱ्या पिनेचे भोक नुसते शोभेचे आहे हे उघडकीस आले, आणि अंगणात खड्डा खणून, मीठ व कोळशाचे थर देऊन, लोखंडी नळी पुरण्यात आली. तेव्हापासून वहिनी रोज तुळशीला एक तांब्या घालतात आणि खड्ड्याला एक.

एवढे करूनही आभाळ भरून आले की पंत प्लग उपटीत. "भावजी, या टीव्हीवर एक सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाही मी," ही वहिनींची तक्रार. आणि प्लग काढण्यासारखे संरक्षण दुसरे नाही, हा पंतांचा फैसला. दोघांचेही म्हणणे खरे असल्यामुळे मी मध्यस्थी टाळली.

आषाढातल्या एका संध्याकाळी पंत फूलबागेत गेलेले असताना, वहिनी सिनेमाच्या शेवटाशी आलेल्या असताना, जवळपास कोठेतरी वीज पडली. कारागिराने सगळे तपासले. चकती शाबूत, स्टॅबिलायझर शाबूत, खड्डा तर नमुनेदार. जळला होता तो सेट-टॉप बॉक्स, आणि टीव्हीच्या पाठीवरचे, बॉक्सची तार जेथे खोचतात ते भोक. गच्चीवरच्या छत्रीपासून बॉक्सपर्यंत आलेल्या काळ्या तारेवर कोणताच पहारा नव्हता.

पंत गच्चीवर जाऊन छत्रीपाशी बराच वेळ उभे राहिले. समोर किल्ला होता. 1780 च्या ऑगस्टात महादजींची शिबंदी त्यावर असताना इंग्रज कॅप्टन पॉपहॅमचे शिपाई दरवाज्याकडून आलेच नाहीत; स्थानिक चोरांनी दाखविलेल्या कड्याने, रात्री शिड्या लावून ते वर चढले. हा दाखला देण्याचा मोह मला अनावर झाला होता, पण पंतांच्या खांद्यांकडे पाहून मी तो आवरला.

त्या सिनेमाचा शेवट, तो पुन्हा लागला तेव्हा, वहिनींनी आमच्या घरी पाहिला. आमचा टीव्ही तांबड्या दिव्याच्या बोर्डावर चालतो. पंतांनी पेचकसाने उघडलेला तो बोर्ड दुकानदाराने मला त्याच दिवशी अर्ध्या किमतीत दिला होता.