माईंचा ट्रे आणि अण्णांची पाटी

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या, पण कुंपणाला टेकू नका, कालच रंग दिलाय. पलीकडच्या अण्णांकडे परवा ती पांढरी जीप आली होती ना… म्हणजे बघितलीत तुम्हीही! जाताना त्या माणसाचं तोंड असं उतरलेलं की काही विचारू नका. आणि कशावरून? एवढ्याशा पितळी पाटीवरून!

अण्णांचा उद्योग तुम्हाला ठाऊकच आहे. रिटायर झाल्यावर लोक देवळात रमतात, हे जुन्या ऑइल इंजिनांत. विहिरीवरची ती इंजिनं हो, मोटेनंतर आली ती. हँडल मारून सुरू करायची, दोन्ही हातांनी. माझ्या माहेरी नुसत्या आवाजावरून सांगायचे, आज कुणाच्या मळ्यात पाणी चाललंय. मग वीज आली, मोटरी आल्या आणि इंजिनं गेली गोठ्यामागे. आणि भंगारवाला आला की आधी काय उचकटतो? पाटी! पितळेच्या मोडीला भाव ना. आता हौशी मंडळी तीच इंजिनं खोलतात, घासतात, धडधडवतात, आणि सगळं झालं की दर्शनी बाजूला नुसती चार भोकं. कंपनीचं नाव नाही, हॉर्सपॉवर नाही, नंबर नाही. मग येतात अण्णांकडे.

करतात कसं, तेही अण्णांच्या बायकोने, माईंनीच सांगितलं मला, रडत रडत. कुणाकडे तसली अस्सल पाटी असली की त्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, ठसा घ्यायचा. त्यांचा नातू कॉम्प्युटरवर नीट रेखून देतो. मग गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंट, तोही उलटा. पितळेवर तो कागद पालथा ठेवून वरून इस्त्री. कुणाची इस्त्री? माईंचीच, दुसऱ्या कुणाची! कागद पाण्यात भिजवून चोळून काढला की काळी अक्षरं पितळेवर राहतात. पाटीची पाठ टेपने झाकायची आणि सोडायची फेरिक क्लोराईडमध्ये. जिथे काळं आहे तिथलं पितळ शाबूत, उघडं असेल तेवढं ते पाणी खातं. पहिल्यांदा काय झालं माहीत आहे? प्रिंट सुलटाच काढला! मग पाटी झाली उलटी, आणि हे बसले माईंच्या ड्रेसिंग टेबलासमोर आरशात वाचत.

आणि ट्रे! ते फेरिक क्लोराईड यांनी ओतलं माईंच्या स्टीलच्या ट्रेमध्ये, त्यांच्या लग्नातल्या. स्टील म्हणजे काय, कशालाच दाद देत नाही असं वाटतं आपल्याला. तर ट्रेला खड्डेच खड्डे, अगदी देवीच्या व्रणांसारखे. वर बाथरूमच्या पांढऱ्या फरशीवर पिवळे डाग. माई तीन दिवस बोलल्या नाहीत. तेव्हापासून प्लास्टिकचा डबा, तोही अंगणात. आणि वापरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही, त्यात तांबं उतरलेलं असतं म्हणे.

तर काय सांगत होते… हां, जीपवाला. त्याच्याकडे एक इंजिन आहे, लिस्टरसारखं दिसणारं. लिस्टर म्हणजे इंग्लंडमधल्या डर्सलीचं, ते सहा हॉर्सपॉवर, मिनिटाला 650 फेरे… अण्णा हे झोपेतही बरळतात. तर त्याचं इंजिन आहे राजकोटचं. तिकडे त्याच नमुन्यावर पुष्कळ झाली. चांगलंय हो, चालतंयसुद्धा. पण हा म्हणतो कसा, ‘अण्णा, डर्सलीची पाटी करा, इंग्लंड लिहा, नंबर मी सांगतो तो ठोका. गिऱ्हाईक तयार आहे.’ मी तेव्हा कढीपत्ता तोडत होते, म्हणून कानावर पडलं, मुद्दाम नाही. अण्णांनी चष्मा काढला. म्हणाले, ‘राजकोटची पाटी करतो, मोठ्या अक्षरांत करतो. तिची कसली लाज?’ तो हसायला गेला, अण्णा हसले नाहीत. मग तो म्हणाला, ‘दुप्पट देतो.’ तेवढ्यात माई चहा घेऊन येत होत्या… अहो, तशाच मागे फिरल्या, कप घेऊन! माईंनी चहा परत नेलेला मी आजवर पाहिला नव्हता.

अण्णांचा नियमच आहे. नंबर इंजिनाच्या अंगावर किंवा जुन्या कागदावर मिळाला तरच पंचाने ठोकायचा, नाहीतर ती जागा कोरी. आणि पाटीच्या पाठीवर, ही आता केलेली आहे म्हणून खूण. हौस म्हणून करतोय, खोट्या दाखल्यांचं दुकान नाही काढलं, असं म्हणतात. मला पटलं बाई.

नाहीतर ते कोरेगावकडचे. त्यांच्याकडे कूपरचं इंजिन, आपल्या साताऱ्याचं. धनजीशा कूपर हो! 1937 साली मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले ते, काँग्रेसवाले आधी सत्ता नको म्हणाले म्हणून. एप्रिलमध्ये बसले, जुलैत काँग्रेसचे खेर आले. तर त्या घरातली आजी मुद्दाम पाटी बघायला आलेली. काळा रंग भरून वरून पॉलिशपेपर मारलेला, अक्षरं नुसती लखलखत होती. सगळे वा वा करतायत आणि आजी म्हणते, ‘ही आमची न्हाई.’ अण्णांचा चेहरा बघायला हवा होतात! मुलगा तर कानकोंडा झाला. मग आजी बोट ठेवून म्हणाली, ‘हितला स्क्रू पडला हुता, मालकांनी खिळा मारल्याला.’ अण्णा उठले, डब्यातून गंजका खिळा शोधला आणि त्या कोपऱ्यात तोच बसवला. तेव्हा कुठे तिने चहा घेतला. बशीतून.

माई कमी नाहीत हं. काल म्हणाल्या, जगाच्या इंजिनांना नावं देता, आपल्या दाराला पाटी नाही. माझं नाव वर हवं. अण्णा म्हणाले, करतो, पण खाली हॉर्सपॉवर किती लिहू? माई म्हणाल्या, ‘तुमची लिहा, लहान पाटीत भागेल!’

हसू नका मोठ्याने, अण्णा अंगणातच आहेत… अहो अण्णा, काय म्हणताय, झाला का चहा?