जिभेखालची गोळी आणि उशीखालची गोळी

मराठी मध्यमवर्गीय घरात हृदयविकाराला मोठा मान असतो. अँजिओग्राफीची फाईल पाहुण्यांसमोर लग्नाच्या अल्बमसारखी उघडली जाते. ‘पंपिंग ३५ टक्के’ हा आकडा नातवाच्या दहावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त वेळा ऐकवला जातो. कुठल्या शिरेत किती ब्लॉकेज होतं, हे समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंनाही पाठ असतं. मात्र याच आजारापायी गृहस्थांच्या आणखी एका अवयवाने असहकार पुकारलेला असतो आणि त्याची फाईल कुठेच नसते. खरं तर हार्ट फेल्युअर असलेल्या पुरुषांत ही तक्रार इतकी सर्रास आहे की ती नसणाऱ्यांचाच सत्कार करावा. कारणही गूढ नाही. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडलं की ते काही फक्त छातीपुरतं बिघडत नाही. त्यात पंप कमजोर, लघवीच्या गोळ्या चालू, जोडीला बीटा ब्लॉकर. पण हे डॉक्टरांना विचारायची लाज वाटते, म्हणून प्रश्न जातो मेडिकलवाल्याकडे. गृहस्थ कुजबुजत नाव सांगतात आणि तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, “पन्नासची देऊ की शंभरची?”

माझा मुद्दा एवढाच आहे की या सगळ्या प्रकरणात गोळीपेक्षा लाज जास्त धोकादायक आहे. गोळी तशी चांगल्या घरातली. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात सँडविच नावाचं गाव आहे. तिथल्या फायझरच्या प्रयोगशाळेत सिल्डेनाफिलचा शोध चालला होता तो हृदयासाठी, छातीतल्या कळेवर उतारा म्हणून. त्या कामात तिने फारसा उजेड पाडला नाही, भलतीकडेच पाडला, आणि २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत तिला व्हायग्रा या नावाने मान्यता मिळाली. त्याच वर्षी नायट्रिक ऑक्साइड शरीरात काय काम करतो हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. ही गोळी चालते ती याच वायूच्या जिवावर, आणि छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट ही नायट्रेटची गोळीही त्याच्याच जिवावर. म्हणजे दोघी सख्ख्या जावा. मोरीचा दाखला घ्या. सॉर्बिट्रेट नळ सोडते, त्या पाण्याने रक्तवाहिन्या सैल होतात. सिल्डेनाफिल नळाला हात लावत नाही, फक्त मोरीच्या तोंडात बोळा कोंबते, म्हणजे आलेलं पाणी लवकर वाहून जात नाही. एकेकटी असताना दोघी समंजस असतात. सिल्डेनाफिलने वरचं ब्लडप्रेशर सरासरी ८-१० अंकांनी उतरतं, बस. पण नळ सोडलेला आणि मोरी तुंबलेली अशी वेळ एकदम आली, तर प्रेशर इतकं कोसळतं की माणूस उभ्याचा आडवा होतो, आणि कधी पुन्हा उठतच नाही.

आता या जावा एकत्र येतात कशा ते बघा. गृहस्थ नायट्रेट रोज घेत नाहीत, म्हणून स्वतःला सुरक्षित समजतात. शनिवारी रात्री उशीखालची गोळी पोटात जाते, रविवारी पहाटे छातीत दुखू लागतं. पत्नी धावपळ करते, शेजारचे काका पायजम्याची नाडी सावरत येतात आणि परोपकाराच्या भरात स्वतःच्या खिशातली सॉर्बिट्रेट यांच्या जिभेखाली सारतात. सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि तिच्याच जातीची टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास नायट्रेट चालत नाही, हा नियम सगळे डॉक्टर जाणतात. पण शनिवारचा वृत्तांत जाणणारा एकुलता एक इसम त्या वेळी घामाघूम होऊन पडलेला असतो, आणि चार माणसांत तो कसा सांगावा याचा विचार करत असतो.

यावर पहिला आक्षेप येतो, की एवढं दुबळं हृदय असताना हा उद्योग हवाच कशाला? त्याला उत्तर जिन्याचं आहे. नेहमीच्या जोडीदारासोबतच्या संबंधाचे श्रम साधारण दोन मजले चढण्याइतके असतात. ज्यांना तेवढं धाप न लागता जमतं, ज्यांचा आजार औषधांनी स्थिरावलेला आहे, जे नायट्रेट घेत नाहीत आणि ज्यांचं प्रेशर मुळातच ९० च्या खाली रेंगाळत नाही, अशांना हृदयरोगतज्ज्ञ ही गोळी सहसा नाकारत नाहीत. छोट्या डोसपासून सुरुवात करतात, इतकंच. ज्यांना बसल्या जागी धाप लागते त्यांनी आधी जिन्याचं बघावं. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल तर जपून, आणि हार्ट फेल्युअरचंच नवं औषध व्हेरिसिग्वॅट चालू असेल तर ही गोळी नकोच. पण हे सगळं ठरवायला आधी तोंड उघडावं लागतं.

दुसरा आक्षेप चतुर आहे. विषय काढल्यानेच तो वाढतो, मग न काढलेला बरा! याला पुरावाही आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ हृदयरुग्णांना अ‍ॅटेनोलॉल हा बीटा ब्लॉकर दिला. आपण काय घेतोय हे ज्यांना ठाऊकच नव्हतं त्यांच्यातल्या सुमारे ३ टक्क्यांनी ‘ती’ तक्रार केली, औषधाचं नाव कळलेल्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांनी, आणि नावासोबत दुष्परिणामही सांगितलेल्यांपैकी ३१ टक्क्यांनी. पुरुषजात किती आज्ञाधारक असते बघा! पण याच प्रयोगाचा पुढचा अंक कोणी सांगत नाही. तक्रार करणाऱ्यांना सिल्डेनाफिल आणि नुसती खोटी गोळी आळीपाळीने दिली, तर जवळजवळ सगळेच दोन्हींनी सुधारले. म्हणजे बोलण्याने बिघडलेलं बोलण्याने सुधारतंही, आणि खोट्या गोळीचं सॉर्बिट्रेटशी वैर नसतं. उलट गप्प राहणारा गृहस्थ परस्पर बीटा ब्लॉकरच बंद करून टाकतो, आणि ते शनिवारच्या गोळीहून महागात पडतं.

उरला शेवटचा बचाव, आयुर्वेदिक घेतो, त्याला कसला धोका! आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक अख्खं अंग आहे. आपल्या पूर्वजांना लाज नव्हती, ती आपण नंतर मिळवली. मात्र एसटी स्टँडमागे मिळणाऱ्या, डब्यावर उधळता घोडा छापलेल्या ‘शुद्ध वनौषधीं’ची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा जगभर पुन्हा पुन्हा त्यात गुपचूप मिसळलेलं सिल्डेनाफिलच सापडलं आहे. डोस किती, हे त्या घोड्यालाच माहीत. आणि आपण ते घेतलंय हे अशा वेळी स्वतः घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं, मग काकांचा काय दोष?

डॉक्टरांनाही मी सोडणार नाही. मिठाबद्दल त्यांची उलटतपासणी वकिलाला लाजवणारी असते. पापड खाता का, लोणचं खाता का, लोणच्याचा नुसता खार तरी? यातच आणखी एक प्रश्न सहज बसेल. अडचण एकच आहे. तपासणीच्या खोलीत पेशंटच्या वतीने सगळी उत्तरं बाजूच्या खुर्चीवरून येतात, “कुठे हो डॉक्टर, लोणच्याची बरणी मी कुलपात ठेवते.” त्या एका प्रश्नाचं उत्तरही कदाचित तिथूनच येईल, आणि ते यांच्या उत्तरापेक्षा खरं असेल.