भावमास्तर

विजयदुर्गाहून निघालेला माणूस फौजेत भरती झाला, देशभर फिरला आणि पेन्शन तोंडावर आली तेव्हा त्याची बदली विजयदुर्गातच झाली. तिकीट मात्र हावड्याचं निघालं. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यमचं, म्हणजे फौजेच्या पूर्व कमांडच्या मुख्यालयाचं नाव डिसेंबर 2024 मध्ये ‘विजयदुर्ग’ झालं आणि आमचे सुभेदारसाहेब पडले देवगड तालुक्यातले. बदलीची बातमी फोनवर ऐकून त्यांच्या आईनं म्हणे शेजारणीकडून दोन नारळ आणून ठेवले होते, लेक घरी येतो म्हणून. खरं काय ते कळल्यावर साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘नारळ परत केलेत ना?’

साहेबांना आम्ही मागे ‘भावमास्तर’ म्हणतो. पुढे ‘साहेब’. त्यांना दोन्ही माहीत आहे आणि मागचंच जास्त आवडतं, असा माझा संशय आहे.

इतिहाससुद्धा हा माणूस खर्चाच्या वहीतूनच वाचतो. फेब्रुवारी 1756 मध्ये क्लाइव्ह आणि ॲडमिरल वॉटसन यांनी तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग घेतला, तोही पेशव्यांशी हातमिळवणी करून. लूट दहा लाखांच्या घरातली. त्याच वर्षी इकडे सिराजउद्दौल्यानं इंग्रजांचा जुना फोर्ट विल्यम घेतला, म्हणून तीच जोडी कलकत्त्याला आली. मग प्लासी झाली आणि 1758 मध्ये क्लाइव्हनं हा नवा किल्ला बांधायला काढला. तो पुरा होईतो 1781 उजाडलं. खर्च सुमारे वीस लाख पौंड, आणि लढाईत म्हणून इथून एक तोफ उडाली नाही.

‘वीस लाख पौंड!’ इथे साहेब कपाळाला हात लावतात. ‘अरे, चार ठिकाणची कोटेशनं तरी मागवली होती का?’

नाव बदलण्याचा व्यवहार मात्र त्यांना पसंत आहे. सेंट जॉर्ज गेटचं शिवाजी गेट झालं, त्यावरही ते खूश आहेत. ‘त्यांनी तोफा लावून आमचा किल्ला घेतला. आम्ही त्यांचा घेतला एका पाटीच्या खर्चात.’

अशा माणसाला लॅपटॉप घ्यायचा होता. मुलगी रत्नागिरीला इंजिनिअरिंगला जाणार, संगणक शाखेला. तुमच्या-आमच्यासारखा बाप दुकानात जाईल, पोरीला आवडेल तो रंग बघेल, हप्ता बांधून घरी येईल. साहेबांनी दोनशे पानी वही घातली.

वही मी पाहिली आहे. डाव्या पानावर मॉडेल, उजव्या पानावर त्यातली खोट. संध्याकाळी मेसबाहेरच्या कट्ट्यावर शिकवणी चाले. ‘प्रोसेसरच्या आकड्यामागचं शेवटचं अक्षर बघायचं. यू असेल तर बॅटरी जपणारा, एच असेल तर राबणारा आणि तापणारा. आय-फाइव्ह, आय-सेव्हन असं नुसतं छातीवर लिहिलंय म्हणून सलाम ठोकायचा नाही. जुन्या आय-सेव्हनला नवा आय-फाइव्ह हसत हसत मागे टाकतो.’ हे सगळं अगदी खरं होतं, हीच पंचाईत. साहेब चुकत असते तर आम्ही उठून गेलो असतो.

कँटीनचा हिशेब त्यांना तोंडपाठ होता. लॅपटॉपवर जीएसटी अठरा टक्के, आणि सीएसडीला, म्हणजे फौजेच्या कँटीन खात्याला, त्यातला निम्मा परत मिळतो. 54 हजारांच्या मशीनमध्ये कर 8 हजार 237 रुपये, त्याचा निम्मा 4 हजार 118. ‘आणि चौसष्ट पैसे,’ साहेब जोडत. मग कँटीनमधूनच का नाही घेत, असं कोणी विचारलं की उत्तर यायचं, ‘यादीत नेमकं मला हवं ते नाही.’ त्यांना हवं ते कुठल्याच यादीत नव्हतं. ते का, ते पुढे येईल.

एका जवानानं बिनव्याजी हप्त्यांवर लॅपटॉप घेतला आणि पेढे वाटले. साहेबांनी पेढा खाल्ला, बिल मागितलं आणि त्याचा आनंद पाच मिनिटांत आटोपला. बँक व्याज लावते, कंपनी तेवढीच सूट देते, म्हणून ते ‘नो कॉस्ट’. पण व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी ज्याची त्यानं भरायची. तीन हजार व्याजावर 540, फी 199 आणि तिच्यावरचा कर धरून 235. संतापले की साहेब मालवणीवर येतात. ‘मेल्या, फुकट म्हणतत ता तू ऐकलंस. ह्ये पावणेआठशे कोण भरतलो, तुजो आजो? पैशे काय झाडाक लागतत?’

देवगडच्या माणसानं हे विचारावं! तिथे पैसे झाडालाच लागतात आणि पेटीत भरून वाशीला जातात. पण हे बोलायची कोणाची टाप नव्हती.

मग 15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार अशी घोषणा झाली आणि साहेबांनी खरेदी तहकूब केली. मुलीचं कॉलेज सुरू झालेलं. साहेबांच्या पत्नी घरून फोन करायच्या, साहेब म्हणायचे, ‘सरकारच थांबायला सांगतंय, मी काय करू?’ 22 सप्टेंबरला, महालयाच्या दुसऱ्या दिवशी, नवे दर लागू झाले. एसी आणि मोठे टीव्ही अठ्ठावीसवरून अठरावर आले. लॅपटॉप आधी अठरावर होता, तो अठरावरच राहिला. सगळं कलकत्ता पूजेचे कपडे घेत होतं. साहेब वहीत एक लांब आडवी रेघ मारत होते.

मुलगी फोनवर एवढंच म्हणाली, ‘बाबा, घाई नको. पदवीदान समारंभाला घेऊन या.’

आता त्या यादीची गोष्ट. मुलीची सीईटी व्हायच्याही आधी साहेबांनी इथल्या चांदणीच्या बाजारात आठ जीबी रॅमची एक कांडी घेतली होती. डीडीआर-फोर, लॅपटॉपात बसते ती आखूड. स्वस्त मिळाली, एवढंच कारण. ती कांडी ट्रंकेत, लोकरी मोज्यात गुंडाळून ठेवलेली. लॅपटॉपचा पत्ता नाही आणि रॅम तयार! बटण सापडलं म्हणून त्याला शोभेल असा सदरा शोधत फिरावं, तसा हा शोध होता. नव्या पातळ मशिनांत रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली असते, वेगळी कांडी घालायला जागाच नसते. जागा असली तर बहुधा डीडीआर-फाइव्हची. त्यामुळे एकेक चांगलं मशीन साहेबांच्या वहीत ‘कांडी बसत नाही’ या शेऱ्यानं नापास होत गेलं. आम्ही हसून घेतलं.

वर्षअखेरीस आमचं हसू ओसरलं. एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी जगभरच्या मेमरी चिप्स ओढून घेतल्या आणि रॅमचे भाव दुपटीपलीकडे गेले. त्या संध्याकाळी साहेबांनी ट्रंक उघडली, मोजा काढला, कांडी बाहेर काढून सगळ्यांना दाखवली आणि पुन्हा आत ठेवली. बोलले काहीच नाहीत. इतका फुगलेला माणूस मी परेडच्या मैदानावरही पाहिलेला नाही.

जानेवारीत एक दिवस स्वारी निघाली. मला सोबत घेतलं, मी नागपूरकडचा. मैदान ओलांडून एस्प्लनेड, तिथून चांदणी चौक. मेट्रोचं एकच स्टेशन, तिकीट पाच रुपये. साहेब चालत गेले. वाटेत झालमुरी घेतली, ती मी.

चांदणी म्हणजे गल्लीबोळांचा बाजार. पंख्याच्या कॉइलपासून लॅपटॉपच्या बिजागरीपर्यंत जे म्हणाल ते मिळतं आणि प्रत्येक दुकानदार आपण तोट्यातच विकतो असं सांगतो. साहेबांचं ठरलं होतं, कंपन्यांच्या ऑफिसांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडलेलं, दुरुस्त करून विकायला ठेवलेलं मशीन घ्यायचं. दुकानदारानं एक चकचकीत नग पुढे केला, भाव ऐकून मला मोह पडला. साहेबांनी उलटा करून लेबल वाचलं. ‘सातवी पिढी. विंडोज टेनचा आधार ऑक्टोबरात संपला, इलेव्हनला इंटेलची आठवी लागते. सातवीतलं पोर कॉलेजात घालू नका, दादा.’

दुसरा नग अकराव्या पिढीचा. साहेबांनी काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करून बॅटरीचा अहवाल काढला, नवी होती तेव्हाची क्षमता आणि आजची यांचा भागाकार केला आणि म्हणाले, ‘बॅटरी एकोणसाठ टक्के. पंचवीस टक्के कमी करा.’

दुकानदारानं चष्मा वर केला. ‘दादा कुठले?’

‘महाराष्ट्र.’

‘बर्गी!’ तो ओरडला आणि अख्खी गल्ली हसली. बंगालात अजून आया पोरांना बर्गीचं, म्हणजे मराठा स्वारांचं, नाव घेऊन झोपवतात. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीनं 1742 मध्ये कलकत्त्यानं मराठा खंदक खणायला घेतला होता, आणि 1751 च्या तहात अलीवर्दीखानानं वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली. पंचवीस टक्के म्हणजे चौथाईच! साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ‘बर्गी हा. मी कोकणातला, मी फक्त बिल मागतो. आणि तो खंदक तुम्ही अर्ध्यात सोडलात ते बरं केलंत. मराठे काय कलकत्त्यावर आलेच नाहीत, उगाच खर्च.’

दोन तास गेले. सूट बारा टक्क्यांवर ठरली, एक वर्षाची वॉरंटी बिलावर लिहून घेतली, चार्जर मूळ कंपनीचा घेतला, आणि मशीन उघडायला लावून मोज्यातली कांडी साहेबांनी स्वतः बसवली. सोळा जीबी दिसल्यावर दुकानदारानं उठून हात मिळवला. ‘पेन्शन झाल्यावर इथेच बसा, दादा. गिऱ्हाइकाच्या बाजूला नको, माझ्या बाजूला.’

लॅपटॉप रत्नागिरीला कुरिअरनं गेला नाही, हे सांगायला नकोच. हावड्याहून गीतांजली एक्स्प्रेसनं नागपूरपर्यंत तो माझ्या उशाशी होता. तिथे रजेवर निघालेल्या एका साताऱ्याच्या जवानानं ताबा घेतला आणि पुढे त्याच्या मेव्हण्यानं. पावती प्रत्येकाकडून लिहून घेतली होती. मुलीला मशीन पोचलं तेव्हा पहिली सेमिस्टर संपलेली होती.

आता किल्ल्यात कोणालाही लॅपटॉप घ्यायचा झाला की तो आधी कट्ट्यावर येतो, आणि वहीवरून ज्यांनी घेतला त्यांतला एकही फसलेला मला माहीत नाही. हे त्यांच्या मागे बोलणाऱ्यानंही कबूल करावं. तेव्हा तुम्हालाही घ्यायचा असेल तर भावमास्तरांना जरूर विचारा, पेन्शन होण्याआधी. गरज लागण्याच्या सहा महिने अगोदर विचारा, त्यांना दुकानात सोबत नेऊ नका, आणि चहाचे पैसे तुम्ही द्या. ते देणार नाहीत.